स्वस्त आहाराचा महाग हिशेब

दरवर्षी सप्टेंबर महिना उजाडला की पोषणाचा विषय सरकारी पातळीवर चर्चेला येतो. २०१८ पासून हा महिना देशभर ‘पोषण माह’ म्हणून पाळला जातो. अंगणवाड्यांतून पाककृतींची प्रदर्शने भरतात. नाचणीचे लाडू, मुगाची धिरडी, शेवग्याच्या पाल्याची थालीपिठे, मोड आलेल्या मटकीची उसळ असे पदार्थ हारीने मांडले जातात. ‘कमी खर्चात सकस आहार’ या विषयावर कोणीतरी व्याख्यान देते, आणि समोर बसलेल्या बायका ते शांतपणे ऐकून घरी जातात. या व्याख्यानांत जे सांगितले जाते ते खोटे नसते. आहारशास्त्राच्या कसोटीवर त्यातील बहुतेक विधाने टिकण्यासारखी आहेत. प्रश्न निराळाच आहे. जे इतके स्वस्त, इतके पौष्टिक आणि शिवाय आपल्याच मातीतले आहे, ते त्या बायकांच्या चुलीवर रोज का शिजत नाही? ‘अज्ञान’ हे या प्रश्नाचे ठरीव उत्तर मोठे सोयीचे आहे. कारण अज्ञान घालवण्यासाठी व्याख्यानापलीकडे कोणाला काही करावे लागत नाही.

या उपदेशातील ग्राह्य भाग आधी मोकळेपणाने मान्य केला पाहिजे. तृणधान्यांच्या प्रथिनांत जो घटक कमी पडतो तो डाळींत भरपूर असतो, आणि डाळींत जो कमी तो तृणधान्यांत मिळतो. म्हणून वरणभात, खिचडी, पिठले-भाकरी या जोड्या शास्त्राला मान्य होण्याच्या कितीतरी आधी आपल्या ताटात येऊन बसल्या. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. तीनशे मिलिलिटर गाईच्या दुधातही ते जवळजवळ तेवढेच सापडते. दाण्यांत वजनाच्या चौथ्या हिश्श्याच्या आसपास प्रथिने असतात, आणि दाण्याच्या किंवा जवसाच्या चटणीचा एक चमचा कोरड्या भाकरीला चव आणि स्निग्धता दोन्ही देतो. कडधान्य भिजवून मोड आणले की ते लवकर शिजते, त्यात ‘क’ जीवनसत्त्व तयार होते आणि लोह अंगी लागण्यातील अडथळाही काही अंशी दूर होतो. पालेभाजीवर लिंबू पिळावे, भाजी चिरण्यापूर्वी धुवावी, जेवणाबरोबर चहा घेऊ नये, भाताची पेज ओतून देऊ नये, या गोष्टींना पैसे पडत नाहीत. तांदुळजा, घोळ, चाकवत, अंबाडी, टाकळा या भाज्यांची नावे आजच्या शहरी मुलांना ठाऊक नसतील. पण त्यांतील काही अद्याप बांधावर फुकट उगवतात, आणि कष्टकरी घरांतील वृद्ध स्त्रियांना त्या ओळखता येतात. तेव्हा ज्ञानाचा साठा उपदेशकापेक्षा श्रोत्यांकडेच अधिक असण्याचा संभव आहे.

धान्याच्या भुकेपासून ताटाच्या भुकेपर्यंत

दारिद्र्याचा आणि आहाराचा संबंध आकड्यांत मांडण्याचा महत्त्वाचा प्रयत्न पुण्यातच झाला. गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दरडोई रोज २,२५० उष्मांक मिळवून देणारा खर्च ही दारिद्र्याची सीमा मानली. १९७९ साली नियोजन आयोगाच्या कार्यगटाने ग्रामीण भागासाठी २,४०० आणि शहरांसाठी २,१०० उष्मांकांचा दंडक घातला. डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी या पद्धतीवर आक्षेप घेतला. एकाच निरोगी माणसाचे खाणे दिवसागणिक कमीअधिक होत असते, तेव्हा सरासरीपेक्षा कमी खाणारा प्रत्येक जण उपाशी समजणे चूक आहे, असे त्यांचे म्हणणे होते. पोटभर भाकरी-डाळ मिळाली तर प्रथिनांची वेगळी चिंता करण्याचे कारण नाही, असेही ते मांडत. तो वाद पुष्कळ गाजला. त्यात कोणाची बाजू बळकट होती हा येथे मुद्दा नाही. दोन्ही पक्षांच्या नजरेसमोर जी भूक होती ती प्रामुख्याने धान्याची होती, एवढे ध्यानात घेतले म्हणजे पुरे. १९७२ च्या दुष्काळात सुकडी आणि परदेशी मिलोची लाल भाकरी खाऊन दिवस काढलेल्या महाराष्ट्राला दुसरी कोणती भूक दिसणे शक्यही नव्हते.

आज चित्र बदलले आहे. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने प्राधान्य गटातील कुटुंबांना माणशी महिना पाच किलो धान्य नाममात्र दराने दिले, आणि जानेवारी २०२३ पासून ते पूर्णपणे मोफत झाले. पाच माणसांच्या घरात महिन्याला पंचवीस किलो गहू-तांदूळ येतो. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या आकड्यांतही हा बदल उमटला आहे. ग्रामीण कुटुंबाच्या एकूण खर्चात तृणधान्यांचा वाटा १९९९-२००० मध्ये सुमारे २२ टक्के होता. २०२३-२४ मध्ये तो पाच टक्क्यांच्या आसपास उतरला. ही मोठी गोष्ट आहे, आणि मोफत धान्याची उठता-बसता चेष्टा करणाऱ्या सुखवस्तू मंडळींनी ती विसरू नये. परंतु याच काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी (२०१९-२१) सांगते की १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रिया आणि पाच वर्षांखालील ६७ टक्के मुले रक्तक्षयाने ग्रासलेली आहेत. पोट भरले, पण रक्त भरले नाही. धान्याखेरीज ताटात जे हवे ते, म्हणजे डाळ, भाजी, फळ, दूध, तेल, आता प्रश्न होऊन बसले आहे.

त्या उरलेल्या ताटाची किंमत काय पडते? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेनुसार साधारण २,००० उष्मांकांच्या आहारात एका माणसाला रोज ८५ ग्रॅम डाळी-कडधान्ये (किंवा त्याऐवजी अंडी-मांस), ४०० ग्रॅम भाज्या, १०० ग्रॅम फळे, ३०० मिलिलिटर दूध आणि २७ ग्रॅम तेल-तूप असावे. पाच जणांचे कुटुंब घेऊ. त्यात मुले आणि म्हातारी माणसे आहेत म्हणून ते चार प्रौढ माणसांबरोबर धरू. भावही हात राखूनच धरू: डाळ १०० रुपये किलो, भाजी ३० रुपये, फळे ५० रुपये, दूध ५० रुपये लिटर आणि तेल १३० रुपये किलो. बाजारात जाणाऱ्या कोणालाही हे भाव कमीच वाटतील. तरीही तीस दिवसांचा हिशेब डाळीचे १,०२०, भाजीचे १,४४०, फळांचे ६००, दुधाचे १,८०० आणि तेलाचे सुमारे ४२० रुपये, असा एकूण ५,२८० रुपयांवर जातो. धान्य फुकट आले असे समजून हा आकडा आहे. मीठ-मसाला, साखर, चहा आणि इंधन अजून यायचेच आहेत.

आता दुसरी बाजू. २०२३-२४ च्या उपभोग खर्च पाहणीत ग्रामीण भागातील तळाच्या पाच टक्के लोकसंख्येचा दरडोई मासिक खर्च सरासरी १,६७७ रुपये होता. पाच माणसांचे ८,३८५ रुपये झाले. त्यातून ५,२८० रुपये या पाच जिनसांवर गेले तर औषधपाणी, कपडालत्ता, शाळा, प्रवास, इंधन, वीज, पाहुणारावळा या सगळ्यांना मिळून तीन हजार रुपये उरतात. हा ताळमेळ कोणत्याही कुशल गृहिणीला जमणारा नाही, आणि तो न जमण्याचा दोष तिच्या अज्ञानावर टाकता येणार नाही. २०११ साली नियोजन आयोगाने सर्वोच्च न्यायालयात गावात दिवसाला २६ आणि शहरात ३२ रुपये खर्च करू शकणारा माणूस गरीब नव्हे अशा अर्थाचे प्रतिज्ञापत्र केले; २०१३ साली एका राजकीय प्रवक्त्याला मुंबईत बारा रुपयांत भरपेट जेवण दिसले. त्या विधानांची तेव्हा यथेच्छ टवाळी झाली. ‘स्वस्त आणि सकस’ची व्याख्याने त्याच विचारपद्धतीची सौम्य आवृत्ती आहेत, हे मात्र सहसा कोणाच्या लक्षात येत नाही.

मग गृहिणी काय करते? अर्थशास्त्राच्या पुस्तकात ज्याला पर्यायी वस्तूंची निवड म्हणतात तेच करते. दूध चहापुरते उरते. फळ आजाऱ्यासाठी किंवा उपवासापुरते येते. भाजी ज्या दिवशी उतरेल त्या दिवशी बाजारातून सुटण्याच्या वेळी घेतली जाते. तुरीच्या जागी मसूर किंवा हरभऱ्याची डाळ येते आणि महिनाअखेर वरणात पाणी वाढते. ते पाणी सर्वांच्या वाट्याला सारखे येत नाही, हेही सांगितले पाहिजे. घरात शेवटी जेवणारी जी असते तिच्या ताटात ते अधिक येते, आणि रक्तक्षयाच्या त्या ५७ टक्क्यांत या जेवणाच्या क्रमाचाही भाग आहे.

इंधन आणि वेळ

येथपर्यंतचा हिशेब रुपयांचा झाला. स्वयंपाकघरात आणखी दोन चलने चालतात आणि ती कोणत्याच आहारतक्त्यात दिसत नाहीत. पहिले इंधनाचे. छोले, राजमा, हरभरा, वाल ही कडधान्ये डाळीच्या मानाने स्वस्त पडली तरी ती रात्रभर भिजवावी लागतात आणि दीर्घकाळ शिजवावी लागतात. कुकर असेल तर निभावते. पण कुकरची रबरी चकती झिजली की नवी आणीपर्यंत पातेल्यातच शिजवणे आले. २०१६ साली उज्ज्वला योजना सुरू झाल्यावर सिलिंडर लक्षावधी घरांत पोचला. तरीही २०१९-२१ च्या पाहणीत स्वयंपाकासाठी स्वच्छ इंधन वापरणारी घरे देशात ५८.६ टक्केच होती. सिलिंडर घरात असणे आणि तो संपल्यावर लगेच भरून आणणे यांत फरक आहे. गॅस पुरवून वापरायचा तर जे पटकन शिजते तेच शिजवावे लागते, आणि पटकन शिजणाऱ्या पदार्थांत पांढरा तांदूळ आणि बटाटा पुढे असतात.

दुसरे चलन वेळेचे. या बाबतीत भाकरीचे उदाहरण बोलके आहे. ज्वारी-बाजरीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो. ते पीठ ऐनवेळी, बहुधा गरम पाण्यात, मळून प्रत्येक भाकरी वेगळी थापावी लागते. ते हाताचे कसब आहे आणि ते पोटाला तडस लागेपर्यंत वाट बघत नाही. बाजरीचे पीठ थोड्याच दिवसांत कडवट होते, म्हणून दळण थोडे थोडे आणि वारंवार आणावे लागते. म्हणजे गिरणीच्या फेऱ्या वाढल्या. नाचणीला मोड आणून, वाळवून, दळून सत्त्व करणे. भाजणीसाठी प्रत्येक धान्य निराळे भाजणे. अंबाडी निवडून, उकडून, पिळून भाजी करणे. यातील प्रत्येक कृती उत्तम आहे आणि प्रत्येकीला अर्धा-पाऊण तास लागतो. ही वेळ कोणाची? २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे दिवसाला सरासरी २८९ मिनिटे त्यात गेल्याचे आढळले. घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांची ८८ मिनिटे. खुरपणीला किंवा चार घरच्या धुण्याभांड्यांना सकाळी सातला बाहेर पडणाऱ्या बाईला भाजणीचे माहात्म्य पटवून देणे म्हणजे तिच्या जवळ नसलेल्या एका तासाचा खर्च तिच्याच खात्यावर मांडणे होय.

पाच रुपयांच्या बिस्किटपुड्याचे गूढ येथे उकलते. मुलाच्या हातात आई तो पुडा देते तेव्हा ती बेजबाबदारपणे वागत नसते. त्याला ना जाळ लागतो, ना वेळ, ना भांडे घासावे लागते. किंमत ठरलेली, मूल गप्प. रुपयांच्या हिशेबात दाण्याचा लाडू स्वस्त आहे; तिन्ही चलनांची बेरीज केली तर पुडा स्वस्त पडतो. पोषणाच्या दृष्टीने हा व्यवहार तोट्याचा आहे यात शंका नाही. पण तो तोटा वर्षांनी दिसतो आणि भूक आत्ता लागलेली असते.

या सगळ्यावर सरकारच्या धान्यधोरणाने आणखी एक वजन टाकले आहे. अन्न सुरक्षा कायद्यात भरडधान्य एक रुपया किलोने देण्याची तरतूद होती. प्रत्यक्षात मिळतो तो बहुतांशी गहू आणि तांदूळ. २०२४-२५ च्या खरीप हंगामासाठी संकरित ज्वारीचा हमीभाव क्विंटलला ३,३७१ रुपये, बाजरीचा २,६२५ आणि नाचणीचा ४,२९० रुपये होता. लगतच्या रब्बी गव्हाचा २,४२५. म्हणजे ज्याला एके काळी गरिबाचे धान्य म्हणत ते उघड्या भावातही गव्हापेक्षा महाग आहे, आणि गहू तर शिधापत्रिकेवर फुकट. सोलापूरची मालदांडी ज्वारी आता शहरातल्या मॉलमध्ये ‘मिलेट’ या नावाने मानाने बसली आहे. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष साजरे झाले, नाचणीची बिस्किटे परिषदांतून वाटली गेली. मात्र विदर्भ-मराठवाड्यात खरीप ज्वारीची जागा सोयाबीनने पूर्वीच घेतली होती, आणि ज्यांच्या आजीच्या हातची भाकरी या उत्सवाचा विषय होती त्यांची नातवंडे रेशनच्या गव्हाची चपाती खात होती. एक वस्तू फुकट आणि दुसरी विकत असताना, फुकट वस्तू का निवडली असा प्रश्न ग्राहकाला विचारायचा नसतो.

तुटपुंज्या पैशात सकस जेवण करण्याचा प्रयोग खुद्द सरकारही करीत असते, आणि तो तपासून पाहण्यासारखा आहे. शालेय पोषण आहारात प्राथमिक शाळेतील मुलामागे १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल असा दंडक आहे. धान्य केंद्राकडून वेगळे येते. डाळ, भाजी, तेल, मसाला आणि इंधन यांसाठी १ मे २०२५ पासूनचा दर आहे ६ रुपये ७८ पैसे. वर धरलेल्या स्वस्त भावांनीच डाळ, भाजी, तेल यांचे सव्वाचार रुपये होतात; मसाला आणि सरपण-गॅस अडीच रुपयांत बसवायचा. डाळ दीडशेवर गेली की भाजीची फोड लहान होते. स्वयंपाकिणीचे मानधन केंद्राच्या हिशेबात २००९ पासून महिना एक हजार रुपयेच आहे. राज्ये आपापली भर घालतात म्हणून काम चालते. महाराष्ट्राने नोव्हेंबर २०२३ मध्ये या आहारात आठवड्याला एक अंडे आणले, आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याचा स्वतंत्र निधी थांबवून शाळांना लोकसहभागाचा मार्ग दाखवला. एका अंड्याची किंमत मुलाच्या एका दिवसाच्या संपूर्ण तरतुदीच्या आसपास जाते, ही अडचण खरी आहे. पण अंड्याला वेळ लागत नाही, कसब लागत नाही, त्यात भेसळ करता येत नाही आणि ते पाणी घालून वाढवता येत नाही. सार्वजनिक भोजनात याहून सोयीचा पदार्थ सापडणे कठीण. शाकाहारी मुलांना केळे देण्याची सोय होतीच. सबंध राज्याच्या अंदाजपत्रकाला जे झेपले नाही ते काटकसर शिकून एकेकट्या आईला झेपेल, असे मानण्याचे धाष्टर्य कशाच्या बळावर करायचे?

उपाय अपूर्व नाहीत. तमिळनाडूत २००७ पासून स्वस्त धान्य दुकानातून तूरडाळ आणि पामतेल सवलतीत मिळते. कर्नाटकात दक्षिणेकडे नाचणी आणि उत्तरेकडे ज्वारी शिधापत्रिकेवर दिली जाते. तिचा काही भाग सीमेपलीकडच्या आपल्याच सोयऱ्यांच्या घरी शिजतो. महाराष्ट्रात २०२२ च्या दिवाळीत ‘आनंदाचा शिधा’ म्हणून शंभर रुपयांत रवा, साखर, तेल यांच्याबरोबर एक किलो हरभराडाळ दिली गेली. डाळ हा सणाचा जिन्नस आहे अशी समजूत त्यामुळे होऊ नये. पाच माणसांच्या घराला महिन्याला दोन-तीन किलो डाळ आणि एक किलो तेल निम्म्या भावात मिळाले, आणि पंचवीस किलोंतील आठ-दहा किलो गव्हाऐवजी ज्वारी, बाजरी किंवा कोकणात व घाटमाथ्यावर नाचणी घेण्याची मुभा असली, तर वरच्या हिशेबातील सर्वांत अवघड जागा सैल होते. शाळेतली किंवा अंगणवाडीतली मोठी चूल हीच वेळ आणि इंधन वाचवण्याची सर्वांत मोठी युक्ती आहे. पन्नास घरांत पन्नास वेळा भिजणारी मटकी तेथे एकदा भिजते. रोजगार हमीच्या कामावर येणाऱ्या बायकांनाही अशा चुलीवरचे दुपारचे जेवण रास्त किमतीत विकत घेता आले पाहिजे.

डाळींसाठी पैसा आणि माल कोठून येणार, हा आक्षेप गंभीर आहे. देश तुरीची आयात करतो. २०१५ साली तूरडाळ शहरांत किलोला दोनशे रुपयांच्या घरात गेली. त्या भावाने मोहून शेतकऱ्यांनी पेरा वाढवला, पीक भरघोस आले, आणि २०१७ च्या सुरुवातीला ५,०५० रुपयांचा हमीभाव असलेली तूर मराठवाड्यात त्याहून कितीतरी कमी भावाने विकली गेली. खरेदी केंद्रांपुढे पोत्यांच्या रांगा लागल्या. एका वर्षी खाणारा नागवला गेला, दुसऱ्या वर्षी पिकवणारा. दरमहा ठरावीक मागणी असलेले रेशनचे गिऱ्हाईक मध्ये असते तर या दोन्ही टोकांना काही बांध बसला असता. त्यासाठी सरकारने किती तूर, किती हरभरा आणि किती ज्वारी कोणत्या भावाने उचलणार, हे मालाचे ढीग बाजार समितीत पडल्यानंतर सांगून चालणार नाही. मृगाच्या आधी, बियाणे विकत घेण्याच्या सुमारास, ते शेतकऱ्याला कळले पाहिजे.